कामावर दुखापत झाली तर

(पाबळ येथील प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला एक हिशेब सांगणार आहोत. पण हिशेबाच्या आधी एक हकिगत सांगितली पाहिजे. तिच्यात आमची स्वतःची चूक आहे. आम्ही आयुष्यभर पोरांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या. आज एक आमची दाखवतो.

साल २०११. आम्ही तेव्हा नोकरीत होतो. आमच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला एक गडी हमरस्त्यावरच्या एका वखारीत हमालीला जात असे. वय ३० वर्षे. महिन्याकाठी सरासरी ६,००० रुपये पडत. पाठीवर पोती घेऊन ट्रक भरायचा, आला ट्रक खाली करायचा. एके दिवशी पोत्यांची थप्पी ढासळली. वरची पोती अंगावर आली आणि त्याचा उजवा हात ट्रकच्या फाळक्यात सापडला. डॉक्टरांना हात मनगटापासून काढावा लागला.

मालकाने दवाखान्याचे बिल भरले. वर २५,००० रुपये रोख दिले. आणि एक स्टँपाचा कागद सहीसाठी पाठवला.

गडी कागद घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, काय लिहिलंय ते वाचून सांगा." आम्ही वाचले. लिहिले होते की, मला माझी सर्व रक्कम पावली, यापुढे माझे मालकाकडे काही मागणे उरले नाही. आम्ही त्याला म्हणालो, "मालक भला माणूस दिसतो, बाबा. आजकाल एवढे तरी कोण देतो? कर सही." उजवा हात तर नव्हता. त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. शाईचे पॅड आमच्याच टेबलावरचे होते.

तो पैसा किती दिवस पुरला असेल ते तुम्हीच ओळखा. वर्षाच्या आत घरची म्हैस गेली. बायको रोजंदारीला जाऊ लागली.

पुढे २०१४ साली आम्ही पुण्याला एका शिबिराला गेलो होतो. तिथे एका वकिलांनी कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा समजावून सांगितला. आम्ही मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. ऐकता ऐकता आमच्या अंगाला घाम फुटला. कारण जो कागद आम्ही भला म्हणून वाचला, त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नव्हती. कामावर दुखापत झालेल्या माणसाने आपला हक्क लिहून सोडला, तरी तो सुटत नाही. तसा करार कायद्याने रद्दच धरला जातो. भरपाईची तडजोड करायची तर ती सरकारने नेमलेल्या आयुक्तांपुढे नोंदवावी लागते. घरात बसून, मास्तराच्या टेबलावर अंगठा उठवून ती होत नाही.

आम्ही गावी आलो ते थेट त्याच्या घरी गेलो. म्हटले, "चल, वकिलांकडे जाऊ." अर्जाची दोन वर्षांची मुदत टळून गेली होती. पण उशिराला सबळ कारण असले तर आयुक्त अर्ज घेऊ शकतात, असे वकिलांनी सांगितले होते. गडी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, धाकटा भाऊ त्याच वखारीत लागलाय. राहू द्या."

आम्ही राहू दिले.

आता हिशेब. पाटी-पेन्सिल घ्या. हा आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खरा वाटत नाही.

महिन्याची मजुरी ६,००० रुपये. माणूस कायमचा पुरता निकामी झाला, तर मजुरीचे १०० पैकी ६० भाग धरायचे. ६,००० चे ते होतात ३,६००. आता वय पाहायचे. प्रत्येक वयासाठी कायद्यात एक आकडा छापलेला आहे. वय कमी तर आकडा मोठा, कारण पुढची कमाईची वर्षे जास्त बुडतात. ३० वर्षांच्या माणसाचा आकडा आहे २०७.९८. या आकड्याने ३,६०० ला गुणा. येतात ७ लाख ४८ हजार ७२८ रुपये.

पण आपला गडी पुरता निकामी झाला नव्हता. एक हात गेला होता. कायद्यात त्याचाही तक्ता आहे. एक पंजा गेला तर कमाईची ताकद १०० पैकी ६० गेली असे धरतात. एक डोळा गेला, दुसरा चांगला आहे, तर ४०. अंगठा गेला तर ३०. अंगठ्याशेजारचे बोट पुरते गेले तर १४. वाचायला कसेसेच वाटते, बोटांचे भाव लावल्यासारखे. पण भाव लिहिलेला नसला तर मालक जो म्हणेल तोच भाव ठरतो. तर त्या ७ लाख ४८ हजारांचे १०० पैकी ६० भाग काढा. आले ४ लाख ४९ हजार २३७ रुपये.

आणि आम्ही त्याला २५,००० घ्यायला लावले!

शिवाय दवाखान्याचे बिल मालकाने भरले म्हणून आम्ही त्याला भला म्हणालो होतो. तो खर्च देणेही तेव्हाच्या कायद्याने मालकावर बंधनकारकच होते. २००९ साली तशी दुरुस्ती झाली होती. आम्ही जुने मॅट्रिक. शाळेचे दप्तर ठेवणे आम्हाला येत होते, पण या कायद्याचे एक पानही आम्ही उघडून पाहिले नव्हते. वाचता येणे आणि काय वाचावे हे कळणे, या दोन्हींत फार अंतर आहे.

तुम्हाला वाटेल, हे सरकारला सुचले कसे? सुचले नाही, मंडळी. मागावे लागले. आणि पहिल्यांदा ज्यांनी मागितले त्यांचे मूळ गाव आपल्या शेजारचे आहे. कन्हेरसर. यमाईच्या दर्शनाला तुम्ही जाता ते कन्हेरसर.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे घराणे तिथले. त्यांचा जन्म १८४८ सालचा. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी. मुंबईत एका गिरणीत नोकरी करत होते, पुढे 'दीनबंधू' पत्र चालवू लागले. गिरणीतले काम तेव्हा उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चाले. सुटीचा ठरलेला वार नाही. पट्ट्यात हात गेला, दात्यात बोट गेले, तर माणूस दाराबाहेर. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा.

१८८४ सालच्या सप्टेंबर महिन्यात लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. सरकारपुढे ठेवायला एक अर्ज केला. त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या अगदी साध्या होत्या. रविवारी सुटी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. सकाळी साडेसहाला काम सुरू करा आणि सूर्यास्ताला थांबवा. पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्या. आणि पाचवी मागणी आपल्या आजच्या विषयाची: कामावर जबर दुखापत होऊन कामगार घरी बसला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा; आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी.

रविवारची सुटी १८९० साली मिळाली. आज शाळेतली पोरे रविवारी विटीदांडू खेळतात, त्यांना हे कोणी सांगत नाही. पाचव्या मागणीला मात्र फार वर्षे लागली. लोखंडे १८९७ साली, मुंबईच्या प्लेगात, वारले. भरपाईचा कायदा झाला १९२३ साली आणि अमलात आला १ जुलै १९२४ पासून. सभेपासून मोजा. ४० वर्षे झाली. सभेला बापाच्या खांद्यावर बसून आलेले पोर तोवर आजा झाले असेल.

बरे, कायदा झाला म्हणून सगळ्यांना मिळाला काय? गिरणी, कारखाना, रेल्वे, खाण इथे मालक ठरलेला असतो. मस्टरवर नाव असते. पण हमालाचा मालक कोण? सकाळी या दुकानाचा ट्रक, दुपारी त्या दुकानाचा. व्यापारी म्हणे, तो माझा नोकर नाही. ट्रकवाला म्हणे, माझा तर नाहीच नाही. मुकादम म्हणे, मी नुसती टोळी आणतो. पाठ मोडली की हमालाला तिघेही ओळखत नसत.

हे कोडे सोडवायला संघटना लागली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना एकत्र आणले. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. मोर्चे झाले, संप झाले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. अशा तऱ्हेचा कायदा करणारे आपले राज्य पहिले.

या कायद्याची युक्ती समजून घ्या. सरकारने मंडळ नेमले. हमालाने मंडळात नाव नोंदवायचे, व्यापाऱ्यानेही नोंदवायचे. व्यापाऱ्याने हमाली मंडळात भरायची, वर ठरलेली लेव्ही भरायची. मंडळाने हमालाला मजुरी द्यायची, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, सुटीचा पगार वगैरे चालवायचे. आणि दुखापतीचे काय? या कायद्यात एक कलम घातले आहे की, नोंदलेल्या हमालाला नुकसानभरपाईचा कायदा लागू आहे. आणि मजुरी मंडळ देत असेल, तर भरपाईपुरते मंडळालाच मालक समजावे. झाले! मालक कोण, हा प्रश्न एका ओळीत मिटला.

म्हणून हमालीला जाणाऱ्या प्रत्येकाला आमचे सांगणे आहे की, आधी नोंदणीचे विचारा. वखारीचा मालक म्हणेल, "नोंदणी कशाला? तुझ्या मजुरीतून कापून जाईल." लेव्ही तुमच्या मजुरीतून कापायची नसते. ती व्यापाऱ्याने वरून भरायची असते. आमचा गडी कुठेच नोंदलेला नव्हता. त्यालाही कायदा लागू होता. वखारीत मालाची चढउतार हे काम जुन्या भरपाईच्या कायद्याच्या यादीतच होते. पण नाव कुठे नसले की आधी आपण तिथे कामाला होतो हेच सिद्ध करत बसावे लागते.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. पुष्कळांना वाटते की युनियनचा सभासद असला म्हणजे भरपाई जास्त मिळते. तसे नाही. रक्कम कायद्याने ठरते. सभासदाला आणि बिनसभासदाला एकच हिशेब. मग वर्गणी का भरायची? अहो, दवाखान्यात पडलेला माणूस पत्र लिहील का? साक्षीदाराला कोण धरून ठेवील? ज्याची नोकरी जायची भीती आहे तो साक्ष देईल का? ही कामे युनियनची आहेत. नोंदलेल्या युनियनच्या अधिकाऱ्याला कामगाराने लेखी अधिकार दिला, तर तो त्याच्या वतीने आयुक्तांपुढे उभा राहू शकतो. "धाकटा भाऊ त्याच वखारीत लागलाय" हे वाक्य एकट्या माणसाचे आहे. त्या वखारीतले १५ हमाल एका संघटनेत असते, तर ते वाक्य बोलायची पाळी त्याच्यावर आली नसती, असे आम्हाला वाटते.

आता थोडे नव्या कायद्याचे. १९२३ चा तो भरपाईचा कायदा आता वेगळा राहिलेला नाही. २०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता केली. संहिता म्हणजे पुष्कळ कायदे एकत्र बांधलेली एक पोथी. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि भरपाईची कलमे आता तिच्यात आहेत. मघाची रीत तीच आहे. ६० भाग, वयाचा आकडा, बोटांचा तक्ता. कामगार मेला, तर ६० ऐवजी ५० भाग धरतात. हाड मोडून काही महिने घरी बसला, पुन्हा बरा झाला, तर तेवढ्या काळापुरती दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीची चौथाई मिळते. म्हणजे अर्धी मजुरी. पैसे वेळेवर दिले नाहीत तर व्याज चढते, विनाकारण अडवले तर वर दंडही होतो.

मेलेल्या कामगाराच्या पैशाबद्दल बायांनी नीट ऐकावे. ही रक्कम मालकाने परस्पर कोणाच्या हातात द्यायची नाही. आयुक्तांकडे जमा करायची. आयुक्त चौकशी करून विधवेला किती, मुलांना किती, म्हाताऱ्या आईबापांना किती, ते ठरवतात. ही तरतूद ज्याने घातली त्याला आपल्या खेड्यातली भाऊबंदकी चांगली माहीत असली पाहिजे. नाहीतर तेराव्याच्या आत दीर पैसे घेऊन मोकळा, आणि पोरे उघड्यावर. कोणी सांगितले की "सासऱ्यांना दिले आहेत, वहिनी," तर म्हणावे, आयुक्तांची पावती दाखवा.

रांजणगाव, सणसवाडी, चाकण इकडे आपली पुष्कळ पोरे जातात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पगारातून ई.एस.आय. कापतात. २०१९ पासून कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. असा कापलेला असला, तर भरपाई मालकाकडे मागायची नाही, ई.एस.आय.कडे मागायची. कामावरच्या दुखापतीने घरी बसलात तर तिथे मजुरीच्या १०० पैकी ९० भाग मिळतात. कायमचे अधूपण आले तर ते किती, हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्या मानाने पैसे मिळतात. कामाला लागून चारच दिवस झाले असले तरी दुखापतीचा हक्क असतो. तेव्हा पगाराची चिठ्ठी घरी आणा आणि वाचा. त्यावर ई.एस.आय. नंबर आहे का ते पाहा. पोरे चिठ्ठी खिशात चुरगळतात आणि फोन मात्र दहादा बघतात!

पुष्कळ जण ठेकेदाराच्या हाताखाली असतात. ठेकेदार आज आहे, उद्या नाही. पण ज्या कारखान्याच्या कामावर दुखापत झाली, तो कारखाना हात झटकू शकत नाही. कारखान्याने भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. ठेकेदार शोधत फिरणे तुमचे काम नाही.

आता पुष्कळांचा प्रश्न असतो, "चूक माझीच होती, मग मिळेल का?" मिळेल. माणूस दमतो, नजर चुकते, पाय घसरतो. नुसत्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. दारू पिऊन कामावर असताना दुखापत झाली, किंवा यंत्राची जाळी मुद्दाम काढून टाकली, किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, तर मालकाला नाही म्हणता येते. तेही माणूस मेला किंवा पुरता निकामी झाला तर म्हणता येत नाही. दारूचे आम्ही जास्त बोलत नाही. घरी बोलणारी माणसे आहेत.

आणि कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर? याची एक खरी हकिगत ऐका. मराठवाड्यात एका साखर कारखान्यावर एक रखवालदार होता. त्याची पाळी पहाटे ३ वाजता सुरू होई. २००३ सालच्या एप्रिलमध्ये तो मोटारसायकलवर कामावर निघाला. कारखाना सुमारे ५ किलोमीटर राहिला असताना वाटेत अपघात झाला आणि तो मेला. मागे बायको, मुले, म्हातारी आई. २००९ साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरपाई मंजूर झाली. ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि वर व्याज. विमा कंपनी हायकोर्टात गेली. २०११ साली हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. म्हणणे असे की, तो अजून कामावर पोचलाच नव्हता. बाई सुप्रीम कोर्टात गेली. २०२५ सालच्या जुलै महिन्यात निकाल लागला. सुप्रीम कोर्टाने म्हटले की, पहाटे ३ च्या पाळीला वेळेवर पोचायला निघालेला रखवालदार आपल्या कामासाठीच वाटेवर होता, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसतो, भरपाई द्या. नव्या संहितेतही आता घर ते काम या वाटेवरचा अपघात, असा संबंध दिसत असेल तर, धरलेला आहे.

२२ वर्षे लागली. ती बाई थकली नाही, ही मोठी गोष्ट. पण २२ वर्षे लागावीत हे चांगले नाही, आणि ते आम्ही मोठ्याने म्हणतो.

आता आम्ही जे बोलणार आहोत ते काहींना रुचणार नाही. आतापर्यंत मालक म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे वखारवाला येत होता, कारखानदार येत होता. आपल्या शिवारात मालक कोण? आपणच. ज्वारीची, बाजरीची मळणी निघाली की आपण चार माणसे रोजाने बोलावतो. कडबाकुट्टीवर पोराला उभे करतो. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर ठेवतो. यंत्राने किंवा ट्रॅक्टरने चालणारे शेतकाम भरपाईच्या यादीत आहे. मळणी यंत्रात बाईचा पदर गेला, हात ओढला गेला, तर भरपाईचा अर्ज आपल्या नावावर होईल. मळणी यंत्राने इतके हात खाल्ले की त्यासाठी १९८३ साली सरकारला धोक्याच्या यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला.

कपाळाला आठी पडली ना? पडू द्या. आमच्या गड्याला २५,००० देणाऱ्या मालकाच्या कपाळालाही अशीच पडली असती.

यावर दोन उपाय आहेत. एक तर यंत्राचे तोंड सुरक्षित असल्याशिवाय ते भाड्याने आणू नये, पदर-फेटा खोचून घेतल्याशिवाय कोणाला जवळ उभे करू नये, आणि पेंडी ढकलायला हात न घालता काठी घ्यावी. दुसरा म्हणजे विमा. मजुरांच्या दुखापतीची जोखीम घेणारा विमा मालकाला काढता येतो. ज्याचे यंत्र दारोदार फिरते, त्याने तर काढलाच पाहिजे. खुरपणीच्या बाईलाही विसरू नका. जमीन कसण्याचे काम, म्हणजे हाताने करायचे शेतकामही, त्या यादीत आहे.  

शेवटी कागदाचे. दुखापत झाली की पहिले काम दवाखाना, दुसरे कागद. दवाखान्यात केसपेपरवर "काम करताना लागले" असे लिहून घ्या. मालक म्हणतो, "घरी पडला असे सांग, बिल मी देतो." असे सांगू नका. पुढे हाच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो. मग मालकाला लेखी कळवायचे, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर. जखमी माणसाला जमत नसेल तर त्याच्या वतीने दुसऱ्याने कळवावे. पत्राची नक्कल आपल्याजवळ ठेवायची. भरपाई मिळाली नाही तर दोन वर्षांच्या आत आयुक्तांकडे अर्ज करायचा. कित्येक जिल्ह्यांत न्यायाधीशच आयुक्तांचे हे काम पाहत आले आहेत. आणि "सर्व रक्कम पावली" असा कागद कोणी पुढे केला, तर तो इथे वर्गात घेऊन या. आता आम्ही तो नीट वाचू.

मालकाला कळवायच्या पत्राला वकिली भाषा लागत नाही. साध्या भाषेत लिहिले तरी चालते, असे कायद्यानेच म्हटले आहे. नमुना फळ्यावर लिहिला आहे:

"माझे नाव ........, राहणार ......... मी आपल्याकडे ........ हे काम करतो. तारीख ........ रोजी ........ वाजता काम करत असताना ........ मुळे मला ........ येथे दुखापत झाली. त्या वेळी ........ हे हजर होते. आपल्याला कळावे म्हणून लिहिले आहे. सही ........"

पाटीवर उतरवून घ्या आणि गाळलेल्या जागा मनाने भरा. सही मात्र प्रत्येकाने स्वतःची करायची. ज्याला जो शब्द अडेल, त्याने त्याखाली रेघ ओढून ठेवावी. उद्या संध्याकाळी तेवढेच घेऊ.